कॉलेजातले इंग्रजी : तेव्हाचे आणि आताचे

श्रोतेहो, राहात्याच्या बाजारात पेरूच्या पाट्यांशेजारी उभे राहून म्हातारी मंडळी एक गोष्ट हमखास सांगतात : "आमच्या मॅट्रिकला जेवढं इंग्रजी यायचं, तेवढं आजच्या बी. ए.ला येत नाही." हे कितपत खरे?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. बसले १३२, पास झाले २२. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. जन्म निफाडचा, म्हणजे तसा आपल्या शेजारचाच माणूस! १८६२ साली पहिले बी. ए. झाले ते चौघे : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. त्यांचे इंग्रजी उत्तम होते, यात शंका नाही. पण गुरुजी, ते नापास झालेले एकशेदहा जण कोणाला आठवतात? तेव्हाचे माप आपण चौघांवरून घेतो आणि आजचे सबंध वर्गावरून. ही तुलनाच मुळी वाकडी आहे, बरं का.

पुढचा मामला हिशेबाचा. पूर्वी मराठी चौथी झाली की 'इंग्रजी पहिली' लागे आणि इंग्रजी सातवीला मॅट्रिक. म्हणजे सात वर्षे इंग्रजी. पण खेड्यात ती शाळा सहसा नसेच. मुलगा मराठी सातवी, म्हणजे 'फायनल', होई आणि इंग्रजीशिवाय मास्तर होई. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात (१९४६–५२) इंग्रजी आठवीवर गेले. अकरावीपर्यंत उरली चार वर्षे. नेमके त्याच सुमारास, १९४७ साली, नगरला कॉलेज निघाले, १९४९ साली पुणे विद्यापीठ झाले आणि शेतकऱ्याची मुले कॉलेजची पायरी चढू लागली. समोर व्याख्यान इंग्रजीत आणि गाठीला चार वर्षांची शिदोरी! मुले मठ्ठ नव्हती, त्यांना वेळच कमी मिळाला होता.

जुना विद्यार्थी तर्खडकरांची पाठमाला घोटून अर्ज बिनचूक लिही. साहेबापुढे मात्र त-त-प-प होई. आजची पोरं माझ्या पाहण्यात याच्या उलट : बोलायला बिचकत नाहीत, पानभर लिहा म्हटले की अडतात.

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी आले. त्या वर्षी पहिलीच्या वर्गावर उभे राहिलेले मराठी शाळांतले मास्तर स्वतः ए, बी, सी शिकले होते ते कोणी पाचवीत, तर कोणी आठवीत.