परवाना : गेलेला आणि परत आलेला

कर्जतजवळील दहिवलीसारख्या गांवीं जो मनुष्य रिक्षा किंवा टेंपो चालवून संसार करतो, त्याच्या खिशांतील परवाना म्हणजे केवळ ओळखीचा कागद नव्हे. ती त्याच्या उपजीविकेची सनद होय. ती तीन महिने हिरावली गेली तर घरांत ओढाताण सुरू होते. उलट पक्षीं, एखाद्याच्या बेफिकिरीमुळें ज्या घरांतील कर्ता पुरुष रस्त्यावर बळी पडला, त्या घराचें दुःख तीन महिन्यांनीं संपत नाहीं. परवाना केव्हां काढून घ्यावा आणि केव्हां परत करावा, हा वाद या दोन घरांमधला आहे.

त्याचें मूळ मोटारीपेक्षां पुष्कळ जुनें आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाडीच्या अपघातांचा विचार केलेला आढळतो. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक निखळलें, अथवा सारथ्यानें 'बाजूला व्हा' असें ओरडून सांगितलें असेल, तर दंड नाहीं. मात्र सारथ्याच्या अकौशल्यानें गाडी भलतीकडे जाऊन हानि झाली, तर मालकास दोनशें पण दंड. सारथी कुशल असेल, तर दंड त्याला. अकुशलाला धुरेवर बसविणारा अपराधी, हें तत्त्व मार्मिक खरें. परंतु कुशल कोण, हें आधीं ठरविण्याची सोय त्यांत नव्हती.

इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें चालकाला परवाना सक्तीचा केला आणि तो स्थगित करण्याचा, तसाच त्यावर अपराधाचा शेरा मारण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. गंमत अशी कीं, चालकाची परीक्षा तेथें १९३५ पर्यंत सक्तीची नव्हती. म्हणजे राज्यसत्ता परवाना पारखून द्यावयास शिकली त्यापूर्वीं तीस वर्षें ती तो काढून घ्यावयास शिकली होती! पुढें शेऱ्यांचे गुण मोजले जाऊं लागले. जर्मनींत १९७४ सालीं व ब्रिटनमध्यें १९८२ सालीं ही पद्धति आली. ब्रिटनमध्यें तीन वर्षांत बारा दोषगुण भरले, कीं सामान्यतः निदान सहा महिने चालविण्यास बंदी होते.

आपल्याकडे १९१४ आणि १९३९ च्या कायद्यांनंतर १९८८ चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या एकोणिसाव्या कलमानें परवाना अधिकाऱ्यास चालकाला अपात्र ठरवितां येतें; पण त्याचें म्हणणें ऐकून घेतल्याखेरीज नव्हे, आणि निर्णयावर तीस दिवसांत अपील करतां येतें. पंचविसावें कलम तर विशेष वाचनीय आहे. सतत तीन वर्षें नवा शेरा लागला नाहीं, तर चालकास निष्कलंक नवा परवाना मिळण्याचा हक्क आहे. शेरा केवळ वेगमर्यादेचा असल्यास एकाच वर्षानें. कायद्यानें स्मरण ठेवावें, तसेंच योग्य वेळीं विस्मरणहि करावें, याचें हें उत्तम उदाहरण.

सन १८३० मध्यें बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां गतीची सीमा बैलांनीं ठरविलेली होती. सन २००२ पर्यंत मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पुरा झाला, आणि खालापूरकरांच्या दारावरून वाहनांचा लोंढा वाहूं लागला. वेग वाढला तशी कठोरताहि वाढली. सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या रस्ते सुरक्षा समितीनें २०१५ सालीं अतिवेग, मद्यपान इत्यादि अपराधांसाठीं निदान तीन महिने परवाना स्थगित करण्याचे निर्देश राज्यांना दिले. सन २०१९ च्या दुरुस्तीनें पोलिसांकडून अशा अपराधांबद्दल जप्त होऊन आलेल्या परवान्याला पहिल्या वेळीं तीन महिने स्थगिति, दुसऱ्या वेळीं तो रद्दच, असें ठरविलें. आणि मुदत संपली तरी उजळणीचें प्रशिक्षण पुरें केल्यावांचून तो परत मिळावयाचा नाहीं, अशी अट घातली.

ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नुसते दिवस मोजल्यानें कोणाचा हात सुधारत नाहीं; तीन महिने घरीं बसलेला चालक तोच चालक असतो. परंतु प्रशिक्षण हें दाखला विकण्याचें दुकान ठरलें, तर शिक्षेनें गरिबाची मिळकत तेवढी बुडेल आणि रस्ता होता तसाच राहील. दहिवलीच्या रिक्षावाल्याचें म्हणणें खरोखर ऐकलें जावें, त्याला खरोखर शिकविलें जावें, आणि मगच परवाना सन्मानानें त्याच्या हातीं पडावा. त्यांत त्याचें हित आहे, आणि रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचेंहि.