अठ्ठ्याऐंशी वर्षांचा रुग्ण

१७६१ साली लंडनमध्ये जॉन टेलर नावाच्या फिरत्या नेत्रवैद्याचे आत्मचरित्र छापले जाऊ लागले. स्वतःला ‘शेव्हॅलिये’ म्हणवून घेणाऱ्या या गृहस्थाला आपल्या प्रवासाचे भारी कौतुक. एके ठिकाणी तो वाटेत पाहिलेल्या चित्रविचित्र प्राण्यांबद्दल, उंटांबद्दल सांगत असतो आणि त्याच वाक्यात एकदम जर्मनीतल्या लाइपझिगला जाऊन पोहोचतो. तिथे एका नामवंत संगीतगुरूला आपल्या हातून दृष्टी मिळाली, असे तो लिहितो. गुरूचे वय ८८. सुप्रसिद्ध हँडलचे पहिले शिक्षणही याच गुरूकडे झाले, अशी पुस्ती तो जोडतो. रुग्णाचे नाव मात्र सांगत नाही.

हा रुग्ण योहान सेबास्टियन बाख, याविषयी आज कोणाला शंका नाही. ते कशावरून ठरले ते पुढे येईलच. आधी टेलरची साक्ष तपासू. टेलर लाइपझिगला आला तेव्हा बाखने नुकतीच पासष्टी पूर्ण केली होती. हँडल त्याचा शिष्य असणे शक्य नव्हते, कारण दोघेही १६८५ सालचे. हँडल शिकला हाल्ले गावच्या त्साखाऊकडे, आणि बाखची व त्याची आयुष्यात भेट झाली नाही. तीन विधानांपैकी दोन सरळ चुकीची निघाली. राहिले तिसरे, दृष्टी दिल्याचे.

त्यासाठी बर्लिनच्या, पुढे ‘फॉसिशे त्साइटुंग’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वर्तमानपत्राचा १ एप्रिल १७५० चा अंक पाहू. त्यात लाइपझिगची बातमी आहे. गेल्या शनिवारी आणि काल संध्याकाळी शेव्हॅलिये टेलर यांची तिथल्या संगीतसभागृहात जाहीर व्याख्याने झाली. विद्वान आणि प्रतिष्ठित मंडळी हजर होती. उपचारासाठी लोकांची रीघ लागली आहे. डोळ्यांना फार ताण दिल्याने दृष्टी जवळजवळ गमावलेल्या कापेलमाइस्टर बाख यांच्यावर त्यांनी शस्त्रक्रिया केली, ती मनाजोगी यशस्वी झाली आणि बाख यांना पूर्वीसारखे स्पष्ट दिसू लागले. टेलर आठवड्याच्या अखेरीस बर्लिनला निघतील, हेही त्यात आहे.

रुग्णाचे नाव इथे मिळते. तारीखही बऱ्यापैकी पकडता येते. त्या वर्षी ईस्टर २९ मार्चला होता, म्हणजे ‘गेला शनिवार’ २८ मार्च. लाइपझिग ते बर्लिन टपालाचा वेळ धरला, तर मजकूर ३१ मार्चच्या पुढचा असू शकत नाही. शस्त्रक्रिया या दोन-तीन दिवसांत, ऐन ईस्टरच्या धामधुमीत झाली असावी. चर्चमधील संगीताची जबाबदारी शिरावर असलेल्या बाखसारख्या कांटोरसाठी वर्षातले हे सर्वांत धकाधकीचे दिवस.

बातमीचे वजन किती धरायचे, हे कळण्यासाठी शस्त्रक्रिया कशी होई ते पाहावे लागेल. बाखला मोतीबिंदू होता असे सगळे धरून चालतात. कागदांत फक्त ‘डोळ्यांचा आजार’ आहे. मोतीबिंदूवर त्या काळी सर्रास केला जाणारा उपाय एकच. रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसवायचे. मदतनीस मागून डोके घट्ट धरी. वैद्य समोर बसून बुबुळाच्या कडेपासून किंचित बाहेर, पांढऱ्या भागातून सुई आत घाली आणि गढूळ झालेले भिंग सुईच्या टोकाने खाली, डोळ्याच्या तळाकडे दाबून धरी. भिंग काढून टाकत नसत, वाटेतून बाजूला सारत. पडदा सरला की रुग्णाला तिथल्या तिथे उजेड आणि समोरची बोटे दिसत. भूल नव्हती. सुई निर्जंतुक करायची असते, हे कोणाला ठाऊक नव्हते. सुश्रुतसंहितेतल्या यववक्त्र शलाकेची क्रिया तत्त्वतः याच जातीची. भिंग छेद घेऊन बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समध्ये दाव्हिएलने १७४७ मध्ये सुरू केली होती, पण ती अजून नवखी होती.

सुई बाहेर आली की डोळ्यांवर पट्टी बांधत आणि ती काही दिवस सोडत नसत. पाहणाऱ्यांना ‘दिसले!’ हा क्षण मिळे. खरा निकाल पट्टी सुटल्यावर लागे. बातमी लिहिली गेली तेव्हा शस्त्रक्रियेला फार तर तीन-चार दिवस झाले होते. बाखचे डोळे त्या वेळी बहुधा पट्टीखालीच असणार. मग ‘पूर्वीसारखे स्पष्ट’ कोणी तपासले? मजकूर टेलरने किंवा त्याच्या माणसाने पुरवला असावा, असा माझा तर्क आहे. पुरावा नाही, पण व्याख्यानांची गर्दी, रुग्णांची रीघ आणि पुढच्या मुक्कामाची आगाऊ वर्दी हा सगळा साचा जाहिरातीचा आहे.

टेलरला नुसता भोंदू ठरवणेही बरोबर नाही. तो लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नावाजलेल्या चेसेल्डनच्या हाताखाली शिकला होता आणि १७३६ पासून राजा दुसऱ्या जॉर्जचा नेत्रवैद्य होता. विद्या होती, तिच्यापुढे वाचाळपणाही होता. बॉस्वेलने नोंदवलेले डॉक्टर जॉन्सनचे मत मात्र विद्येलाही जागा देत नाही: उद्धटपणाच्या बळावर अज्ञान कुठवर जाऊ शकते, याचा जॉन्सनला टेलर हा नमुना वाटे.

आता रुग्णाच्या बाजूची साक्ष. बाखचा मृत्युलेख १७५४ मध्ये मिट्सलरच्या संगीतविषयक नियतकालिकात छापला गेला. लिहिणारे दोघे: मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल आणि शिष्य अग्रिकोला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, मुळातच अधू डोळे तरुणपणच्या रात्र-रात्र जागून केलेल्या अभ्यासाने आणखी खराब झाले. शेवटच्या वर्षांत आजार बळावला. देवाची आणि माणसांची सेवा अजून करावी ही इच्छा होती. शिवाय लाइपझिगला आलेल्या एका नेत्रवैद्यावर मित्रांचा मोठा विश्वास होता. म्हणून बाखने शस्त्रक्रिया करून घेतली. ती एकदा पुन्हा करावी लागली आणि फार वाईट निघाली. दृष्टी तर गेलीच. शस्त्रक्रिया, अपायकारक औषधे आणि इतर गोष्टींनी एरवी ठणठणीत असलेले शरीर पार कोलमडले आणि पुढचे पूर्ण अर्धे वर्ष तो जवळजवळ सतत आजारी होता. वैद्याचे नाव इथे नाही. ते बर्लिनच्या बातमीनेच जुळते.

इथे बोटांवर महिने मोजून पाहावेत. मार्चच्या अखेरीपासून २८ जुलैपर्यंत, म्हणजे बाखच्या मृत्यूपर्यंत, होतात चार महिने. ‘पूर्ण अर्धे वर्ष’ कुठून आले? अंदाजाने आकडा फुगला असेल. किंवा घरच्यांच्या आठवणीत आजारपण शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू झाले असेल. लेखक दोघेही बर्लिनला होते. डोळ्यांदेखत त्यांनी यातले काही पाहिले नसावे.

दुसऱ्या शक्यतेला आधार देणारी नोंद लाइपझिगमध्येच आहे. ८ जून १७४९ रोजी, टेलर येण्याच्या जवळजवळ दहा महिने आधी, गॉटलोब हारर नावाच्या संगीतकाराची ‘थ्री स्वान्स’ नावाच्या खानावळीच्या सभागृहात परीक्षा घेण्यात आली. कशासाठी? कांटोर बाख वारले तर त्यांच्या जागी नेमण्यासाठी. सॅक्सनीच्या प्रधानमंत्र्याची शिफारस पाठीशी होती. जागा रिकामी नसताना घेतलेली ही चाचणी ‘ठणठणीत’ माणसाच्या बाबतीत होत नाही. टेलरची व्याख्याने बहुधा याच सभागृहात झाली.

हस्ताक्षरही हेच सांगते. शेवटच्या काळातल्या हस्तलिखितांत बाखची एके काळची वाहती लेखणी ताठर, अडखळती होत जाते. नुसती नजर गेल्याने असे होईल, की हातही थकला होता? मधुमेहाचा तर्क केला जातो, पण तो तर्कच आहे. बाखच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’ या संग्रहातल्या अपूर्ण शेवटच्या फ्यूगवर मुलाने टीप लिहिली आहे: बाखचे नाव सुरांत गुंफले जाते त्या जागी रचनाकार वारला. वाचून अंगावर काटा येतो. पण तुटतात ती पाने बाखच्या स्वतःच्या हातची आहेत. शस्त्रक्रियेनंतर आंधळ्या झालेल्या माणसाला ती लिहिता आली नसती. म्हणजे लेखणी थांबली ती मृत्यूच्या कितीतरी आधी. तेव्हा मृत्युलेखातली मुलाची वाक्येही तारखांशी ताडूनच घ्यायला हवीत.

दुसऱ्या शस्त्रक्रियेची अडचण वेगळी आहे. ती साधारण आठवड्याने, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात झाली असे अभ्यासक धरतात. खाली दाबलेले भिंग पुन्हा वर येणे हा या पद्धतीचा नेहमीचा दोष होता, त्यामुळे तोच डोळा पुन्हा उघडला असण्याची शक्यता मला अधिक वाटते. पण मृत्युलेखातला शब्द दुसऱ्या डोळ्यालाही लागू पडतो. केसपेपर असता तर प्रश्नच नव्हता. सुमारे पाऊणशे वर्षांनी तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह करून घेतल्या. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही पाहता येतात. लाइपझिगच्या रुग्णाचे असे एकही पान हाती नाही. शस्त्रक्रियेबद्दल खुद्द बाखने लिहिलेले वा सांगितलेले एक अक्षरही नाही.

त्याच्या मनाचा अंदाज आडून घ्यावा लागतो. मे १७५० मध्ये म्यूटेल नावाचा तरुण संगीतकार शिकण्यासाठी त्याच्या घरी येऊन राहिला. एप्रिलनंतरही शिष्य घरी घेतला, म्हणजे घरात अजून आशा होती. निदान आलेल्याला परत पाठवण्याइतकी ती संपलेली नव्हती.

टेलरच्या आत्मचरित्रातले ते वाक्य पुढे चालूच राहते. तेच यश हँडलच्या बाबतीत मिळेल असे आपल्याला वाटले होते, असे तो म्हणतो. सगळी लक्षणे अनुकूल होती, पण डोळ्याचा तळच लुळा निघाला. हँडलला त्याने १७५८ मध्ये टनब्रिज वेल्सला पाहिले होते आणि पुढच्या वर्षी हँडल अंधच वारला. अपयशाची ही कबुली प्रामाणिकपणाची वाटेल. मला ती हिशेबी वाटते. हँडल आंधळा होता हे सगळ्या लंडनला माहीत होते. लाइपझिगच्या कांटोरचे काय झाले हे विचारायला तिथे कोणी नव्हते.

मृत्युलेखात आणखी एक नोंद आहे. मृत्यूच्या दहा दिवस आधी, म्हणजे १८ जुलैच्या सुमारास, बाखचे डोळे अचानक सुधारल्यासारखे झाले. एका सकाळी त्याला बऱ्यापैकी दिसू लागले, उजेडही सोसू लागला. काही तासांतच पक्षाघाताचा झटका आला, मागोमाग तीव्र ताप. २२ जुलैला घरीच त्याला शेवटचा प्रभुभोज देण्यात आला. ती सकाळ पाहणारे कोणीतरी घरात होते. पत्नी अॅना माग्डालेना असेल, म्यूटेल असेल. त्यांच्यापैकी कोणीतरी ती बर्लिनला कळवली असणार. ते पत्र आज नाही.