दोन ट्रॅक, एक माणूस

विट्यात आमच्या गल्लीत यंत्रमागांच्या खटखटीत झोप लागायची. वीज जाऊन माग थांबले की जाग यायची. शेजारशेजारचे माग वेगवेगळ्या लयीत चालतात, मध्येच क्षणभर जुळतात, पुन्हा सुटतात. पुढे लॅपटॉपवर बीट बनवताना मी तेच करायचो: ढोलकीचा एक ट्रॅक, त्यावर ड्रमचा, त्यावर शेकर. वाजवायचं काहीच नव्हतं, फक्त रचायचं.

मग त्रिलोक गुर्टूंबद्दल वाचलं. जन्म १९५१, मुंबई. आई ठुमरीच्या गायिका शोभा गुर्टू, म्हणजे घरातच गाणं. तबला लहानपणापासून, ड्रम सेट सत्तरच्या दशकात. परदेशी रेकॉर्ड ऐकून ते ड्रम शिकत होते, आणि ओव्हरडबिंग नावाची गोष्ट असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एका वाद्यावर दुसरं नंतर चढवतात, हे माहीत नसल्यामुळे जे काही ऐकू येतंय ते एकच माणूस वाजवतोय असं धरून त्यांनी ते सगळं एकट्याने बसवलं. हे त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. आमच्या धंद्यात अशा गैरसमजाला बग म्हणतात!

त्यातूनच त्यांची बैठक घडली असावी, असं मला वाटतं. ड्रमर स्टुलावर बसतो, हे जवळजवळ जमिनीवर. ड्रमच्या शेजारी तबला. सोबत पाण्याची बादली. झांजा वाजवत त्यात बुडवल्या की सूर खाली वाकतो.

१९८४ मध्ये ओरेगॉन या बँडचे कॉलिन वॉल्कॉट पूर्व जर्मनीत मोटार अपघातात गेले. ते तबला आणि सतार वाजवायचे. लोकसंगीत आणि जॅझ यांच्या मधल्या पट्ट्यातल्या या बँडमध्ये त्यांची जागा गुर्टूंनी घेतली. पुढे जॉन मॅकलॉफ्लिन. महाविष्णू ऑर्केस्ट्रात रॉकचा दणका देणारा हा गिटारवादक १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिटार, बेस आणि गुर्टू एवढ्यावरच उभा राहिला. त्या रेकॉर्डिंगमध्ये गुर्टू तोंडानेही बोल म्हणतात. एवढा आवाज तिघांचा, हे पटायला मला दोन वेळा ऐकावं लागलं.

पण मी सारखा परततो तो १९८८ च्या 'उसफ्रेट'कडे. त्यात शोभाताई गातात. मुलाचे ड्रम आणि आईचा ठुमरीतला गळा. दोघांपैकी कुणीच दुसऱ्यासाठी आपली चाल बदलत नाही.

काल जेवणाच्या टेबलावर उजव्या हाताने दादरा आणि डाव्याने माझ्याच एका ट्रॅकची लय धरून पाहिली. आठ आवर्तनांत डावा हात दादऱ्यात शिरला.