परकीय चलन नियंत्रण आणि परदेश दौऱ्यावरील कर्मचाऱ्याचा भत्ता : एक ऐतिहासिक अभ्यास (१९३९ ते २०१५)

प्रस्तावना :
व्यवसायाच्या कामासाठी परदेशी जाणाऱ्या कर्मचाऱ्यास निवास, भोजन व स्थानिक प्रवासासाठी मिळणारा भत्ता ही सामान्यतः मालक व नोकर यांच्यातील बाब मानली जाते. भारतात मात्र दीर्घकाळ या व्यवहारात शासन हा तिसरा पक्ष होता. कंपनीने मंजूर केलेली रक्कम रुपयांत असे. परदेशात लागणारे चलन शासनाच्या नियमांनुसारच मिळे. प्रस्तुत लेखात या भत्त्याच्या इतिहासाचा चलन नियंत्रणाच्या अनुषंगाने विचार केला आहे.

नियंत्रणाचा कालखंड :
दुसरे महायुद्ध सुरू होताच ३ सप्टेंबर १९३९ रोजी भारत संरक्षण नियमांन्वये परकीय चलनावर नियंत्रण आले. युद्ध संपले, तरी नियंत्रण संपले नाही. परकीय चलन नियमन कायदा २५ मार्च १९४७ पासून अमलात आला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील यंत्रसामग्रीच्या आयातीमुळे गंगाजळी आटली आणि बंधने अधिक कडक झाली. परदेशप्रवासासाठी रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेचा ‘पी फॉर्म’ आवश्यक ठरला. साठच्या दशकात खाजगी प्रवाशास अवघे आठ डॉलर घेऊन निघावे लागे. व्यावसायिक दौऱ्यास याहून अधिक चलन मिळे. परंतु त्यासाठी दौऱ्याचे प्रयोजन पटवून द्यावे लागे आणि उरलेले चलन परत करावे लागे.

१ जानेवारी १९७४ पासून लागू झालेल्या १९७३ च्या कायद्याने उल्लंघनास फौजदारी गुन्ह्याचे स्वरूप दिले. गुन्ह्यामागील हेतू गृहीत धरला जाई. तो नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर होती. परिणामी परदेशातील खर्चाचा हिशेब हा केवळ लेखाविभागाचा कागद राहिला नाही.

या व्यवस्थेतील विसंगती संगणक क्षेत्रात ठळकपणे दिसली. मुंबईत १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस व पुण्यात १९८१ मध्ये इन्फोसिस स्थापन झाली. सुरुवातीच्या काळात संगणक-सेवेची निर्यात मुख्यतः अभियंत्यांनी ग्राहकाच्या देशी जाऊन करावयाची होती. म्हणजेच परकीय चलन मिळविण्यासाठी आधी ते खर्च करणे भाग होते. नियमांची रचना मात्र प्रत्येक प्रवासाकडे गंगाजळीवरील भार म्हणूनच पाहत होती. परवानग्यांमध्ये जाणाऱ्या वेळेविषयी इन्फोसिसचे संस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी जाहीरपणे सांगितले आहे.

शिथिलीकरण :
१९९१ मध्ये गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली व सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. या संकटातून धोरणाची दिशा बदलली. १९९३ मध्ये विनिमय दराचे एकीकरण झाले. ऑगस्ट १९९४ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या घटनेतील आठव्या कलमाची बंधने स्वीकारून चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय केला. १ जून २००० पासून लागू झालेल्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने उल्लंघनास मुख्यतः दिवाणी स्वरूप दिले. त्यासोबतच्या नियमांनुसार व्यावसायिक दौऱ्यासाठी २५,००० डॉलरपर्यंतची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीविना मिळू लागली. मे २०१५ मध्ये ही तरतूद व्यक्तीच्या वार्षिक २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत समाविष्ट झाली. मात्र कंपनीने पाठविलेल्या व कंपनीच खर्च सोसत असलेल्या कर्मचाऱ्याचा दौरा या मर्यादेबाहेर ठेवण्यात आला. आता व्यवहाराची सत्यता अधिकृत बँक तपासते.

निष्कर्ष :
नियंत्रणाच्या काळात भत्त्याचे माप कर्मचाऱ्याच्या गरजेपेक्षा देशाच्या गंगाजळीवरून ठरत होते. शिथिलीकरणानंतर नियंत्रण नाहीसे झाले नाही. परवानगीची जागा पडताळणीने घेतली आणि भत्ता किती असावा हा निर्णय प्रामुख्याने कंपनीकडे आला. या स्थित्यंतराचा पुरावा कायद्यांइतकाच जुन्या दौऱ्यांची देयके, मंजुरीपत्रे व हिशेबांत आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार लेखापुस्तके किमान आठ वित्तीय वर्षे जतन करणे बंधनकारक आहे. त्यानंतर असे कागद राखण्याची सक्ती नाही. औद्योगिक शहरांतील महाविद्यालयांच्या इतिहास व वाणिज्य विभागांनी स्थानिक कंपन्यांकडील हे कागद वेळीच मिळवून जतन केल्यास आर्थिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन वाचू शकेल.