मागची दोन चाकं : सौंसरच्या छोट्या लाईनचं सीसी इंजिन

माझ्या टेबलावर पितळेचं एक इंजिन उभं आहे. टेंडर धरून हातभरापेक्षा थोडं लांब. नोकरीतली ड्रॉइंगं संपल्यावर जो रिकामा वेळ आला, त्यातली दोन वर्षं या इंजिनात गेली. आत वाफ नाही, एक बारकी मोटर आहे. पण बाहेरून ते बंगाल नागपूर रेल्वेचं (बीएनआर) सीसी वर्गाचं इंजिन आहे. आपल्या मंडळाच्या बैठकीत ते दाखवलं तेव्हा माझी एक चूक पकडली गेली. त्या चुकीमुळेच हा लेख लिहितो आहे.

आधी मोजमाप सांगतो. सौंसरवरून जाणारी जुनी लाईन अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरची. मॉडेलसाठी मी 1:24 हे प्रमाण धरलं. 762 भागिले 24 म्हणजे 31.75. मॉडेलचे रूळ 32 मिलिमीटरचे मिळतात, म्हणजे फरक फक्त पाव मिलिमीटरचा. एवढी चूक चालते, असं मी स्वतःला सांगितलं. खरी चूक दुसरीकडेच होती.

आता या वर्गाचा इतिहास. बीएनआरची स्थापना 1887 ची. नागपूरहून पूर्वेकडे जाणारी तिची मुख्य लाईन मोठ्या मापाची होती. पण सातपुड्यात शिरताना कंपनीनं नॅरोगेज निवडलं. कारण साधं आहे. रूळ जवळ असले की वळण आखूड घेता येतं, डोंगर कमी फोडावा लागतो, पूल हलके चालतात आणि पैसा वाचतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नैनपूरकडे आणि तिथून छिंदवाड्याकडे व जबलपूरकडे या लाईनी पसरल्या. पुढच्या दशकात छिंदवाडा नागपूरला जोडलं गेलं. सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना आणि मग घाट.

त्या घाटाचा विचार केल्याशिवाय हे इंजिन कळत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर, छिंदवाडा 670 च्या आसपास. चढाचा मोठा भाग रामाकोना ओलांडल्यावर भिमालगोंदी आणि भंडारकुंडच्या बाजूला येतो. तिथे लाईन सरळ चढूच शकत नाही, वळसे घेत जाते. म्हणजे इंजिन हवं ताकदीचं, पण रुळांवर हलकं आणि वळणात लवचिक. तिन्ही गोष्टी एकत्र मागणं म्हणजे जरा जास्तच मागणं.

ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीनं ही मागणी पुरी केली. ही कंपनी 1903 साली तीन जुने कारखाने एकत्र येऊन झाली होती. तिनं बांधलेल्या सीसी वर्गाची चाकरचना 4-6-2. पुढे चार लहान चाकं, मध्ये एकमेकांना दांड्यांनी जोडलेली सहा मोठी चाकं, मागे पुन्हा दोन लहान. या रचनेला जगभर पॅसिफिक म्हणतात. ते नाव 1901 साली अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यानं न्यूझीलंडसाठी बांधलेल्या इंजिनांशी जोडलं जातं. त्यानंतर थोड्याच वर्षांत तीच रचना आपल्या सातपुड्याच्या जंगलात धूर सोडत होती.

प्रत्येक चाकाला काम आहे. पुढची चार वळणात वाट दाखवतात. मधली सहा ओढतात. आणि मागची दोन? ती भट्टीखाली असतात. मोठ्या चाकांच्या मागे भट्टी सरकवली की तिला जागा मिळते, आणि तो भार पेलायला ही जोडी लागते. आपल्याकडच्या कोळशात राख जास्त. असा कोळसा पुरेशी वाफ द्यायला हवा तर जाळी मोठी हवी. जास्त चाकांवर वजन वाटलं गेलं की हलके रूळही वाचतात. म्हणजे ही दिसायला बिनकामाची जोडीच सगळं जमवून आणते.

आता माझी चूक. मॉडेल सौंसरला नेलं होतं. बघायला आलेल्यांत ऐंशी ओलांडलेले एक आजोबा होते, तरुणपणी छोट्या लाईनवर फायरमन. त्यांनी रंग बघितला नाही, नंबर बघितला नाही. इंजिन उलटं केलं, मागच्या जोडीला बोट लावलं आणि म्हणाले, "साहेब, हे तर तुम्ही जाम करून ठेवलं ना जी. घाटात हे डावं-उजवं सरकते. नाही सरकलं तर गाडी खाली."

खरं होतं. घरच्या गोल रुळांवर माझं इंजिन दर तिसऱ्या फेरीला घसरायचं आणि मी रुळांना दोष देत होतो. फोटोवरून मॉडेल केलं की चाक दिसतं, त्याची हालचाल दिसत नाही. नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज संग्रहालयात सीसी 677 ठेवलेलं आहे. तिथे जाऊन गुडघ्यावर बसून त्याचा मागचा भाग पुन्हा पाहिला, घरी येऊन जोडी मोकळी केली. आता इंजिन घसरत नाही.

नावाबद्दल एक शंका नेहमी विचारली जाते. नॅरोगेजच्या इंजिनांच्या नावात झेड असतो, मग सीसीमध्ये का नाही? झेड म्हणजे 762 मिलिमीटर, ही पद्धत नंतरच्या प्रमाणित इंजिनांची. झेडबी, झेडई आणि पुढची झेडडीएम डिझेल त्या घरातली. सीसी त्याआधीचं, कंपनीनं आपल्या हिशेबानं नाव दिलेलं. 1944 मध्ये बीएनआर सरकारकडे गेली, नंतर ही लाईन दक्षिण पूर्व रेल्वेत आली, तरी सीसीला लोक सीसीच म्हणत राहिले.

आणि पांढुर्णा? आज पांढुर्णा आणि सौंसर एका जिल्ह्यात आहेत. 2023 साली छिंदवाड्यातून तो वेगळा झाला. पण रेल्वेनं त्यांना कधीच एकत्र धरलं नाही. पांढुर्णा इटारसी-नागपूर मोठ्या लाईनवर, 1676 मिलिमीटर. सौंसर 762 वर. वजाबाकी करा, 914 मिलिमीटर येतात, बरोबर तीन फूट. या तीन फुटांमुळे एका गावचा संत्र्याचा डबा दुसऱ्या गावच्या रुळांवर चढू शकत नव्हता. दोघांची वाट नागपूरलाच जायची, पण वेगवेगळी. 1956 मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. सोयरीक, दवाखाना, बाजार मात्र त्याच गाड्यांनी चालू राहिला. गंमत म्हणजे 1947 नंतर देशभर मेल-एक्सप्रेसला जुंपलेलं मोठ्या लाईनचं डब्ल्यूपी इंजिनही 4-6-2 च. लहान आणि मोठं, दोन्ही मागच्या त्याच दोन चाकांवर भट्टी वाहत होती.

2015 च्या नोव्हेंबरअखेर नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन बंद झाली. 2021 मध्ये त्या मार्गावर मोठी लाईन पूर्ण सुरू झाली. हे चांगलंच झालं. मालाची अदलाबदल संपली. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एक सीसी संग्रहालयात जपलं, त्याचं लोखंड आणखी शंभर वर्षं टिकेल. पण ते घाटात कसं सरकायचं, हे ज्यांच्या हाताला आठवतं अशी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्या आजोबांना मी वर्षभर आधी भेटलो असतो तर दोन वर्षांतले सहा महिने वाचले असते. दोन वर्षं उशिरा गेलो असतो, तर इंजिन घसरतच राहिलं असतं आणि का, ते कळलं नसतं.

म्हणून वाचकांना विनंती. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, उमरानाला, कुठेही घरात छोट्या लाईनवर काम केलेलं कुणी असेल, तर जुन्या फोटोंच्या आधी त्यांच्याजवळ बसा. इंजिनाचं चित्र दाखवा आणि विचारा, यात काय चुकलं आहे?