अकस्मात् येणारी कीर्ति

'व्हायरल' हा शब्द आतां आपल्या घरोघरीं रुळला आहे. मूळचा तो रोगाच्या विषाणूवरून आलेला. पंचवीस वर्षांपूर्वीं तो बहुधा डॉक्टरांच्याच तोंडीं असे. आज माझी सात वर्षांची नातहि, "आजोबा, तो व्हिडिओ व्हायरल झालाय," असें मला सांगते. एखाद्या सामान्य मनुष्याचें दोन मिनिटांचें चलच्चित्र कोणीतरी मोबाइलवर घेतो, तें हांहां म्हणतां लक्षावधि लोकांच्या हातांत जाऊन पोंचतें, आणि काल ज्यास गल्लीबाहेर कोणी ओळखत नव्हतें त्याचें नांव आज देशभर होतें. हा चमत्कार अगदीं आजकालचा, असा सर्वसाधारण समज आहे. मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. त्यामुळें कोणतीहि गोष्ट 'अगदीं नवी' म्हणून समोर आली म्हणजे तिचे आईबाप शोधण्याची मला खोड आहे. ती शोधाशोध आज आपल्यापुढें मांडावयाची आहे.

फ्रान्समधील लियों शहरांत १८९५ सालीं ल्युमिएर बंधूंनीं आपल्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या कामकऱ्यांचें चित्र घेतलें. पुरतें एक मिनिटहि न चालणाऱ्या या चित्रांत स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, सायकलवाले आहेत, एक कुत्राहि आहे. त्याच वर्षीं २८ डिसेंबर रोजीं पॅरिस येथें तें पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांस दाखविण्यांत आलें. सामान्य माणसें पडद्यावर प्रथम दिसलीं तीं अशीं. परंतु त्यांपैकीं एकाचेंहि नांव लोकांच्या तोंडीं झालें नाहीं. गाजलें तें ल्युमिएर बंधूंचें.

या बंधूंचीं चित्रें ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईस वॉट्सन हॉटेलांत आलीं. पुढें तीनच वर्षांनीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणत, यांनीं परदेशांतून मागविलेल्या कॅमेऱ्यानें हँगिंग गार्डन्समध्यें एक कुस्ती टिपली. कुस्ती खेळणारे पहिलवान दोन, पुंडलिक आणि कृष्णा न्हावी. याच सावेदादांनीं १९०१ सालीं केंब्रिजहून परत आलेल्या रँग्लर परांजप्यांच्या आगमनाचें चित्र घेतलें. परांजपे आधींच कीर्तिमान् होते. त्यांना कॅमेऱ्याची गरज नव्हती. परंतु पुंडलिक आणि कृष्णा न्हावी हीं नांवें सव्वाशें वर्षांनंतर आपणांस ठाऊक आहेत तीं केवळ त्या कॅमेऱ्यामुळें.

याहून बोलकें उदाहरण अण्णा साळुंके यांचें. 'राजा हरिश्चंद्र' काढावयास निघालेल्या दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळेना. ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत साळुंके स्वयंपाकी होते. त्यांचा नाजुक बांधा पाहून फाळक्यांनीं त्यांनाच विचारलें. उपाहारगृहांत महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनीं पंधरा देऊं केले. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत तें चित्र लागलें, आणि कालपर्यंत चुलीशीं उभे राहणारे साळुंके महाराणी तारामती म्हणून लोकांच्या ओळखीचे झाले. १९१७ सालच्या 'लंकादहना'त तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनींच केल्या. एका दिवसांत पालटलेलें हें नशीब पाहिलें म्हणजे, आजच्या गोष्टींचें बीज शंभर वर्षांपूर्वींच पेरलें गेलें होतें, हें ध्यानीं येईल.

मग नवें तें काय? नवें एवढेंच कीं, मध्यें कोणी फाळके उरले नाहीं. पूर्वीं कोणास पडद्यावर आणावयाचें हें ठरविणारा एक मनुष्य असे. तो भांडवल घाली, जोखीम घेई आणि बरेंवाईट त्याच्या नांवावर जमा होई. हा मधला मनुष्य नाहींसा होण्याचा आरंभ २३ एप्रिल २००५ रोजीं झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या दिवशीं यूट्यूब या संस्थळावर पहिलें चलच्चित्र चढविण्यांत आलें. अमेरिकेंतील सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयांत हत्तींसमोर उभा राहून जावेद करीम हा तरुण हत्तींच्या सोंडेविषयीं चार शब्द बोलतो, इतकाच त्याचा विषय. लांबी १९ सेकंद. अशा क्षुल्लक चित्रांच्या या भांडारास पुढच्याच वर्षीं गूगल कंपनीनें १६५ कोटि डॉलर किंमत दिली. आपल्याकडे ५ सप्टेंबर २०१६ रोजीं रिलायन्स जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें, आणि ही जत्रा शहरांतून खेड्यापाड्यांत शिरली.

प्रसार इतक्या वेगानें कसा होतो, हें समजण्यास चौथींतलें गणित पुरे. एकानें एक चित्र पांच जणांस धाडलें, त्या प्रत्येकानें आणखी पांचांस, असें चालल्यास दहाव्या खेपेस तें ९७,६५,६२५ जणांपर्यंत पोंचतें. शिवाय अमुक चित्र किती लोकांनीं पाहिलें आणि किती वेळ पाहिलें, याची मोजदाद यंत्र अखंड करीत असतें. जें अधिक पाहिलें जातें तेंच तें आणखी लोकांपुढें ठेवतें. वाढत्यास वाढवावें, हा त्याचा नियम. त्यास हंसूं आणि रडूं यांतील फरक कळत नाहीं, खरें आणि खोटें यांतीलहि कळत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आली आहे या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायीं, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांस जमावानें ठार मारलें. देशांत इतरत्रहि असेच बळी पडले. त्यानंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें, एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं निरोप पुढें पाठवूं नये, अशी मर्यादा आपल्या देशापुरती घातली. कीर्तीचा आणि अफवेचा रस्ता एकच आहे, हें विसरतां येत नाहीं.

आतां या रस्त्यानें कीर्ति मिळालेल्या कांहीं माणसांकडे पाहूं. स्कॉटलंडमधील सुझन बॉइल ही ४७ वर्षांची, साध्या वेषाची बाई एका स्पर्धेंत गावयास उभी राहिली, तेव्हां परीक्षक आणि प्रेक्षक तिच्याकडे पाहून हंसले. पहिली ओळ कानीं पडतांच तें हंसें विरलें. ११ एप्रिल २००९ रोजीं दाखविलेला तो कार्यक्रम इंटरनेटवरून जगभर गेला. अंतिम फेरींत तिचा दुसरा क्रमांक आला. परंतु त्या दीड महिन्याचा ताण असा पडला कीं, लगेच तिला रुग्णालयांत विश्रांतीसाठीं ठेवावें लागलें. सुदैवानें ती त्यांतून सावरली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत निघालेल्या तिच्या गाण्यांच्या संग्रहास अपूर्व खप लाभला.

आपल्या पुण्यांत जुलै २०२० मध्यें, टाळेबंदीच्या दिवसांत, ८५ वर्षांच्या शांताबाई पवार पोटासाठीं रस्त्यावर लाठीकाठी फिरवितांना कोणींतरी टिपल्या. हें कसब त्या लहानपणीं वडिलांपासून शिकल्या होत्या. उभें आयुष्य त्यांनीं तें रस्त्यावर दाखविलें. पण महाराष्ट्रानें त्यांस ओळखलें तें त्या एका चित्रानें. राज्याचे तेव्हांचे गृहमंत्री त्यांच्या घरीं जाऊन आले, आणि नट सोनू सूद यांच्या साहाय्यानें मुलींना लाठीकाठी शिकविण्याचा वर्गहि निघाला. येथें प्रसिद्धीनें कलेची बूज राखली, असेंच म्हटलें पाहिजे.

प्रत्येकाचें नशीब असें सरळ नसतें. पश्चिम बंगालमधील राणाघाट स्टेशनावर २०१९ सालीं राणू मंडल ही निराधार बाई लता मंगेशकरांनीं 'शोर' या १९७२ सालच्या चित्रपटांत गाइलेलें गाणें म्हणत होती. तें चित्र पाहून हिमेश रेशमियांनीं तिला मुंबईस बोलावून गाणें गाववून घेतलें. नक्कल फार दिवस साथ देत नाहीं, स्वतःची वाट शोधावी, अशा आशयाचा सल्ला लताबाईंनीं त्या वेळीं दिला होता. परंतु वाट शोधण्यास अवधि लागतो, आणि लोकांना धीर नव्हता. ज्यांनीं तिला डोक्यावर घेतलें, तेच थोड्या महिन्यांत तिच्या वेषाची आणि वागण्याची टवाळी करूं लागले. बंगालमधीलच बीरभूम जिल्ह्यांतले भुबन बाद्यकार कच्चे शेंगदाणे विकतांना स्वतः रचलेलें गाणें म्हणत. २०२२ च्या आरंभीं देशोदेशींचे लोक त्या गाण्यावर नाचले. पुढें बाद्यकारांनीं उघडपणें सांगितलें कीं, आपण नीट न समजतां कागदावर सह्या केल्या आणि आपलेंच गाणें आपल्या हातांतून गेलें. कीर्ति गवयाची, मालकी दुसऱ्याची!

बरें, जी कीर्ति यंत्रानें दिली ती यंत्राबरोबर जाते, हेंहि आपण पाहिलें. २९ जून २०२० रोजीं केंद्र सरकारनें ५९ ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होतें. महाराष्ट्राच्या खेड्यांतील कित्येक तरुण त्यावर आपल्या बोलींत विनोद करून नांवारूपास आले होते. एका संध्याकाळींत त्यांचा रंगमंचच नाहींसा झाला.

आणि ज्यांनीं कीर्ति मागितलीच नव्हती, त्यांचें काय? कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत २००२ सालीं एका शाळकरी मुलानें, चित्रपटांतील योद्ध्याची नक्कल करीत काठी फिरवितांना, गंमत म्हणून स्वतःचें चित्रण केलें. पुढच्या वर्षीं तें सोबत्यांच्या हातीं लागलें आणि त्यांनीं तें इंटरनेटवर टाकलें. तेव्हां यूट्यूब जन्मालाहि आलें नव्हतें; तरी जग हंसलें. मुलास शाळा सोडावी लागली. त्याच्या आईबापांनीं त्या सोबत्यांच्या कुटुंबांवर दावा लावला आणि २००६ सालीं तो आपसांत मिटला. पुढें मोठेपणीं त्यानें सांगितलें कीं, त्या दिवसांत, 'तूं जीव दे,' असेंहि अनोळखी लोक त्याला लिहीत.

ही हकीकत मी वर्तमानपत्रांत वाचली तेव्हां मला झोंप आली नाहीं. कारण तिचीच एक धाकटी आवृत्ति माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे. २०१७ सालीं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत आठवींतला एक मुलगा लोकमान्य टिळकांवर भाषण करण्यास उभा राहिला. दुसऱ्याच वाक्याला तो अडला. तेंच वाक्य त्यानें चार वेळां म्हटलें, आणि मग तेथेंच रडूं लागला. कोणींतरी मोबाइलवर तें टिपलें. तिसऱ्या दिवशीं त्याखालीं एक गमतीचें गाणें जोडून तें माझ्या मोबाइलवर आलें. मी हंसलों. हंसलों आणि शिक्षकांच्या समूहांत तें पुढें पाठविलें. माझ्या मनांत दुष्टावा मुळींच नव्हता. चार मित्रांना गंमत दाखवावी, एवढेंच.

मुलगा शाळेंत येईनासा झाला, म्हणून मी त्याच्या घरीं गेलों. वडिलांचें सायकलदुरुस्तीचें दुकान होतें. ते मला बसा म्हणाले आणि थोड्या वेळानें खालीं पाहून त्यांनीं विचारलें, "गुरुजी, तुम्ही पण पाहिलंत का ते?" मीं "हो" म्हटलें. त्यांनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. मीं तें पुढें पाठविलें होतें, हें मीं सांगितलें नाहीं. मुलाला त्यांनीं मामाच्या गांवीं शिकावयास ठेवलें. त्या बापाला जें सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं, तें आज आपल्यासमोर सांगत आहें. यामुळें तें फिटतें असें नाहीं.

श्रोतेहो, इतिहास आपल्याला काय करावें हें सांगत नाहीं; पण दोन गोष्टी शेजारीं ठेवून तो पाहावयास लावतो. अण्णा साळुंक्यांना कोणींतरी आधीं विचारलें, दहाचे पंधरा रुपये दिले, आणि त्यांचें नांवहि मागें राहिलें. विचारणें, मोबदला आणि नांव या तीन गोष्टी त्या काळीं बिनयंत्राच्या साध्या व्यवहारांत बसल्या होत्या. आजच्या कीर्तीस या तीन कसोट्या लावून पाहाव्या. कोणाच्या वांट्यास तिन्ही येतात, कोणाच्या एक, आणि क्वेबेकच्या किंवा आमच्या शाळेंतल्या मुलाच्या वांट्यास एकहि नाहीं. फाळक्यांच्या जागीं आतां कोणी नाहीं, असें मीं मघाशीं म्हटलें. तें पुरतें खरें नाहीं. त्या जागीं आपण सर्व बसलों आहों. पांचांस धाडणारा प्रत्येकजण थोडा थोडा फाळके आहे. फक्त आपलें नांव कोठें लागत नाहीं, म्हणून आपली जबाबदारीहि नाहीं, अशी आपण समजूत करून घेतली आहे.

मोबाइल मीं टाकून दिलेला नाहीं. शांताबाईंची लाठी मीं त्यावरच पाहिली आणि चार जणांस आवर्जून दाखविली. परंतु एखाद्याच्या फजितीचें चित्र आलें म्हणजे, याला कोणीं विचारलें होतें काय, हा प्रश्न मी आतां स्वतःस करतों; आणि उत्तर मिळालें नाहीं तर तें माझ्यापाशींच थांबतें. पांचांच्या त्या गणितांतून एक खेप तेवढी कमी होते.