ग्राफिक्स कार्ड, ऊसतोडीची टोळी आणि महाराजांची बोर्डिंगं

परवा भाचा म्हणाला, "मामा, कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड टाकायचंय. कुठलं घेऊ?" पोरगं इंजिनिअरिंगला आहे, एआय शिकायचंय. बहिणीनं उसाच्या बिलातनं पैसे बाजूला ठेवलेत. म्हटलं, थांब. आधी या कार्डाचा इतिहास बघू, मग कोल्हापूरला जाऊ.

मंडळी, १९९९ साली एनव्हिडियानं 'जीफोर्स २५६' काढलं आणि 'जगातला पहिला जीपीयू' म्हणून त्याची जाहिरात केली. काम काय, तर गेममधलं चित्र रंगवायचं; पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचा हिशेब एकदम करायचा. आपल्याकडं ऊस कसा तोडतात? एकटा पैलवान गडी अख्खा फड उरकत नाही, टोळी लागते. प्रोसेसर म्हणजे पैलवान, ग्राफिक्स कार्ड म्हणजे टोळी.

ही टोळी दुसऱ्या गणितालाही जुंपता यावी म्हणून कंपनीनं २००६ मध्ये 'कुडा' आणलं. २०१२ ला टोरांटो विद्यापीठातल्या तिघांनी गेमिंगच्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर, प्रत्येकी फक्त ३ जीबी मेमरी, फोटो ओळखणारं एआय तयार केलं आणि जागतिक स्पर्धा मारली. आजची एआयची लाट बरेच जण तिथनंच मोजतात.

टोळीची युक्ती आपल्या पुण्यानं त्याआधीच केली होती. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं भारताला हवा तो क्रे महासंगणक नाकारला. १९८८ ला पुण्यात सी-डॅक उभी राहिली, अकोला जिल्ह्यातले विजय भटकर प्रमुख झाले आणि १९९१ ला 'परम ८०००' तयार झाला. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नाही ना? मग छोटे छोटे अनेक जोडले! २०२० मध्ये सी-डॅकचाच 'परम सिद्धी-एआय' जगात ६३ वा आला, तो एनव्हिडियाच्या जीपीयूंवर. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं भारताला अशा चिप किती मिळाव्यात यावर मर्यादा घालणारा नियम काढला. मे महिन्यात मागं घेतला. म्हणजे हे आता खेळणं राहिलेलं नाही.

भाच्याला एवढंच सांगितलं: नावाला भुलू नको, काम बघ. २०२१ ला आलेल्या आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी मेमरी होती. त्याच्याहून वेगवान आणि महाग ३०६० टीआयला ८ च. गेमला टीआय भारी, पण एआयचं मॉडेल मेमरीत मावलंच नाही तर वेग काय चाटायचाय? आणि पॉवर सप्लाय तेवढा वॅट देतोय का, तेही आधी बघ.

भाच्याचं जमलं. पण त्याच्याच वर्गातल्या ज्या पोराच्या घरी उसाचं बिल येत नाही, त्यानं काय करायचं?

याचं उत्तर आपल्या गावानं दिलेलं आहे. १८७४ ला याच कागलच्या घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९०१ पासनं कोल्हापुरात बोर्डिंगं काढायला बळ दिलं. खेड्यातल्या प्रत्येक पोराला शहरात खोली परवडणार नव्हती. एका छपराखाली अनेक जण शिकले. तसं आज तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या कार्डाचं एक सामायिक मशीन का नसावं? पाळीपाळीनं वापरतील की पोरं.

पुढच्या वेळी मतं मागायला कोणी दारात आलं, तर रस्ते-गटारीबरोबर हेही विचारा.